तीन दातांनी नांगरलेली भिंत

मी एक जुना काटा आहे. जेवणाचाच, पण गेली कित्येक वर्षं मी अन्नाला शिवलेलो नाही. मित्रांनो, मासेरू शहरातल्या एका हॉटेलात मी चार दातांनी चकचकत मिरवत होतो. एक दात मोडला आणि उकिरडा नशिबी आला. तिथून मला मातुमेलो आजीनं उचललं. आमच्या लेसोथोत नाताळाआधी बायका मातीची भिंत शेणामातीनं लिंपतात आणि ओल्या लिंपणावर काट्यानं शेताच्या तासांसारख्या रेघा ओढतात. आजी देवाची गाणी म्हणत रेघा ओढायची. नाम घेत केलेलं काम किती गोड होतं, हे मी तिच्या मुठीत शिकलो.

बावीस नाताळ असे गेले. मग ती मूठ थरथरू लागली. मला पिशवीत घालून आजी लेकीकडे राहायला निघाली. वडापच्या गाडीत शेजारी लिनेओ नावाची नवी नवरी बसली होती, मांडीवर रंगाचा डबा घेऊन. त्या डब्यावरूनच जुंपली.

"गुडघ्यात खुपतोय गं तुझा डबा!"

"मग गुडघा टपावर ठेव, म्हातारे."

"जीभ बघा हिची! आणि तेलाचा रंग? मातीच्या भिंतीला? पापुद्रे निघतील, नि सासू तुला डब्यासकट माहेरी धाडील."

पोरीचा आवाज चिरकला. "ती तसंही तेच म्हणतेय. भिंत सजली नाही तर नाताळ माहेरी कर, आणि पुढचंही सगळं तिकडेच. शहरात वाढले मी. मला कुणी शिकवलंय?"

गाडीभर हशा पिकला. ड्रायव्हर म्हणाला, "आज्जे, मार तरी तिला, नाहीतर शिकव तरी!"

उतरताना आजीनं मला पिशवीतून ओढलं आणि पोरीच्या मांडीवर आपटलं. "घे! लेकीनं विटांचं घर बांधलंय, तिथे मी काय खरवडू? लिंपण बोटाला चिकटेनासं झालं की लगेच रेघ ओढायची. उशीर केलास तर मर. आणि गाणं म्हण, हात स्थिर राहतो."

तिनं मागे वळूनही पाहिलं नाही. खरं सांगतो मित्रांनो, मला फार राग आला. एवढ्या वर्षांची सोबत अशी आपटून द्यायची?

घरी पोचताच लिनेओनं डबा गोठ्यात ढकलला आणि शेण मळायला घेतलं. सासू माखोत्सो उंबऱ्यात बसून होती. "काटासुद्धा मोडका! कुणाचा चोरलास?" पहिल्या खेपेला लिंपण उन्हात फार वाळलं, मी टेकताच ढलप्या पडल्या. सासू खदखदून हसली. पोरीनं सगळं खरवडलं, पुन्हा लिंपलं, सारखं बोट लावून पाहिलं. मग हलक्या आवाजात चर्चमधलं गाणं धरलं, आणि मी चालू लागलो.

नाताळच्या सकाळी शेजारीण डोकावली. "रेघा वाकड्याच की गं! कुणाकडून उरकून घेतलंस?"

सासू ताडकन उठली. "माझ्या सुनेनं ओढल्यात! तुझ्या भिंतीला कुत्रंही अंग घासत नाही, आलीय मोठी रेघा बघायला. चालती हो!" मग सुनेवर खेकसली, "तू काय उभी राहिलीस खांबासारखी? आत ये. मटण निवतंय."

लिनेओनं मला धुतलं, पुसलं आणि त्या घराच्या कोनाड्यात ठेवलं. मी अजून तिथेच आहे. मित्रांनो, मोडकं फेकण्याआधी ते दुसऱ्या कुणाच्या मुठीत बसतं का, एवढं बघा. आणि कुणी रागानं तुमच्या पुढ्यात काही आपटलं, तर राग तेवढा सांडू द्या. वस्तू मात्र घट्ट धरा.