नऊ नावांचं ताट

पारूबाईंनी तव्यावरची भाकरी थेट पोरीच्या ताटात टाकली आणि दारातल्या दोघींकडे वळूनही न बघता म्हणाल्या,

“बसा पावणं. ताट मिळंल, पर पोरीचं जेवान झाल्याबिगर न्हाय.”

आक्का बाकावर टेकल्या. शेजारी नात राजनंदिनी, हातात कापडी पिशवी. गुरुवारी आक्कांच्या यजमानांचं, साहेबांचं, वर्षश्राद्ध. न्यायमूर्ती आकाराम जाधव मंगळवार पेठेतल्या याच बोर्डिंगात चार वर्षं ज्या पितळी ताटात जेवले, त्यातच त्यांचं पान वाढायचं, असं आक्कांनी मनात धरलं होतं. बदल्यात पन्नास नवी ताटं देणार होत्या. चिटणीसांनी फोनवरच होकार दिला होता. फक्त ते ताट सध्या सातवीतल्या तेजस्वी कांबळेकडे होतं, आणि ती अगदी सावकाश जेवत होती.

“पन्नास दिल्यावर एकाचं काय एवढं?” राजनंदिनी कुजबुजली.

“एकाचं न्हायच की ते!” पारूबाईंच्या कानांवरून काही सुटत नसे. “हितली रीत हाय. जाणाऱ्यानं ताट ठेवायचं, येणाऱ्यानं उचलायचं, मधी कितीबी वरसं जाऊ देत. आपलं नाव घालायचं. दुसऱ्याचं पुसायचं न्हाय.”

“कुणाकुणाची नावं आहेत गं?” आक्कांनी पोरीला विचारलं.

तेजस्वीनं घास गिळला. ताटाकडे बघितलंसुद्धा नाही.

“महादू पुजारी, इब्राहिम मुजावर, सटवा कांबळे, आकाराम जाधव, बसवंत स्वामी...” करत ती नवव्या नावावर, म्हणजे स्वतःवर, येऊन थांबली.

“महादू गुर्जींनी गावोगाव शाळा काढल्या म्हंत्यात,” पारूबाई पीठ मळता मळता सांगू लागल्या. “इब्राहिम डाक्टर. सटवा कलेक्टर. आन त्यो आकाराम तर जज्ज झाला, पार मुंबईला!”

“ते माझे आजोबा,” राजनंदिनी हसू दाबत म्हणाली.

“मग आदुगर सांगायचं न्हाय व्हय!”

आक्का हसल्या नाहीत. बुवांनी कीर्तनात संतांची नावं एका दमात घ्यावीत, तशी पोर ती नावं घेऊन गेली होती. त्यांचे हात आपसूक जोडले गेले.

आणि मग त्यांचं मन मागे सरकलं, साहेबांच्या आधीच्या नावाशी.

सटवा कांबळे जेवला त्या ताटात साहेब चार वर्षं जेवले होते. तेव्हाच्या जाधवांच्या घरी असल्या शिवल्या भांड्याला विस्तव दाखवून मग आत घेत. सासूबाई घेत. त्यांच्यामागे आक्काही घेत आल्या. देव भक्ताच्या पंगतीला बसला, हे आख्यान लागलं की त्यांच्याच डोळ्यांना धार लागे. घरी येऊन मात्र त्या शिवलेली भांडी शेकायला चूल पेटवत. साहेब समोरच पेपर वाचत बसलेले असत.

“चार वर्षं,” त्या पुटपुटल्या, “आणि मला एका शब्दानं बोलला नाहीत.”

तेजस्वी जेवून उठली.

“आण इकडं,” आक्का म्हणाल्या.

“आज्जी, उष्टं हाय.”

“आण.”

“आक्का, तुमचे गुडघे!” राजनंदिनी धावली. तोवर आक्का निऱ्या खोचून नळाखाली बसल्याही होत्या. चिंचेचा गोळा त्यांनी ताटावर गोल गोल फिरवला. टिंबाटिंबांनी घातलेली अक्षरं बोटांना लागत होती. एकेका नावावर बोट थबके, पुढे सरके. पारूबाईंची भाकरी थापायची थांबली.

ताट लखलखलं. राजनंदिनीनं पिशवीचं तोंड उघडलं. आक्कांनी ताट पदरानं पुसलं आणि तेजस्वीसमोर धरलं.

“पर तुमास्नी पायजे हुतं की.”

“उद्या कशात जेवशील मग?” आक्का म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, “गुरुवारी साहेबांचं पान इथंच वाढावं म्हणते. तुझ्या ताटात. जेवशील?”

तेजस्वीनं ताट छातीशी धरलं. पारूबाईंकडे बघितलं, मग आक्कांकडे.

“काय असतंय?”

“खीर.”

“मग इचारताय काय, आज्जी!”