एकोणसाठावं मिनिट

आम्हा दोघी बहिणींच्या घरच्या फोनला तासाभराचा कॉल फुकट. म्हणून एनिड ग्रिम्सबीहून रोज फोन करायची, एकोणसाठाव्या मिनिटाला ठेवायची आणि लगेच परत लावायची. अकरा वर्षं हेच.

गेला महिनाभर मात्र ती एकोणतिसाव्या मिनिटालाच ठेवते, परत लावत नाही. परवा मागे पुरुषाचा खोकला ऐकू आला. म्हणे टीव्ही. मी काय दूधखुळी आहे?

आज टोस्टरमागे फोन कंपनीचं न फोडलेलं पत्र सापडलं. आता अर्धाच तास फुकट. मला हायसं वाटलं. संध्याकाळी तिला म्हटलं, “अगं, मग ठेवून परत लावायचा की, पूर्वीसारखा.”

“बेरिल,” ती म्हणाली, “मला अर्धा तास पुरतो गं.”