मागच्या दाराचा निरोप

"मावशी, अजून मागे सरा. आज तुम्ही प्रवासी आहात, जरा चेंगरून घ्या की!" इंजिनियर म्हणाला आणि स्वतःच्याच विनोदावर खो खो हसला.

मावशी सरली. बावीस वर्षं तिने या कारखान्यात बसच्या तारांना पीळ दिला होता. दोन-दोन तारा, दारापासून थेट ड्रायव्हरपर्यंत. पीळ सैल पडला तर आधी तिच्या बोटांना कळायचं, यंत्राला मागाहून. या बसमधल्या तारा मात्र सकाळी तिलाच उपटायला लावल्या होत्या. आता मागच्या दारापाशी काडेपेटीएवढी डबी. दार उघडं की मिटलं, हा निरोप ती हवेतूनच धाडणार. पोचला की ड्रायव्हरपुढे हिरवा दिवा. भरल्या बसमध्ये दिवा टिकला, तर तारांचं खातं उद्यापासून बंद. आणि चाचणीला गर्दी कुठून आणली? त्याच खात्यातल्या अकरा बायका!

दिवा लुकलुकला. विझला.

"गेला!" मावशीची धाकटी जाऊ कानात कुजबुजली. घरात दोन पगार, दोन्ही तारांचेच. "आता हलू नका, जाऊबाई. पायांना मुळं फुटेपर्यंत उभ्या राहा."

मावशीला आतून गुदगुल्या झाल्या. इंजिनियरने डबी बदलली, बॅटरी बदलली, लॅपटॉप बडवला. दिवा ढिम्म. तासाभराने ड्रायव्हरच्या सीटपाशी उभे असलेले कारखान्याचे साहेब वैतागले, "राहू दे. तारा परत घाला."

अकरा बायकांनी एकदम श्वास सोडला.

मावशी मात्र डबीकडेच बघत होती. मघाशी चपलेचा पट्टा सारखा करायला ती वाकली, तेव्हा दिवा क्षणभर लागला होता. बिघाड समोर दिसतोय आणि गप्प बसायचं, हे तिला बावीस वर्षांत कुणी शिकवलंच नव्हतं.

"अहो, डबी कमरेएवढ्या उंचीवर लावलीत," तिच्या तोंडून निसटलं. "आमची अंगं आड येतात. छताला लावा ना."

जाऊने चिमटा काढला, पण फार उशिरा.

डबी छताला गेली. दिवा लागला, तो लागलाच. टाळ्या!

"मला वाटतच होतं, सर," इंजिनियर साहेबांना म्हणाला. मग वळून, "मावशी, जाता जाता खालचा तो गुंता भंगारात टाकाल?"

मावशीने उतरून तारा उचलल्या. नेमाने वेटोळं घातलं, वीत वीत अंतरावर गाठी मारल्या, टोकं आत खोचली. जाऊ तिला ओलांडून पुढे निघून गेली. मागोमाग बाकीच्या नऊजणीही.

पाठीमागे बसचं दार फस्सकन मिटलं. आत हिरवा दिवा लागला असणारच. त्यात आता काही बिघाड नव्हता.