तिसरं बटण

बटणवाला आला तेव्हा मास्तर लग्नाच्या एका कोटाला इस्त्री करत होते. त्याला बघून त्यांना आनंद वगैरे काही झाला नाही. खरं तर व्हायला हवा होता. एकोणीस वर्षं माणूस परक्या मुलखात, परक्या नावानं शिलाईचं दुकान मांडून बसतो, तो काय तिथली हवा मानवते म्हणून? कधीतरी आपल्या देशातून कुणी येईल आणि "चला घरी" म्हणेल, एवढ्याच आशेवर तो दिवस ढकलतो. आज बटणवाला नेमकं तेच सांगायला आला होता. पण मास्तर इतके दमले होते, की हातातली इस्त्री कुठे ठेवावी तेच त्यांना सुचेना.

दुकान चढाच्या गल्लीत होतं, रस्त्याच्या पातळीपेक्षा तीन पायऱ्या खाली. खिडकीतून फक्त येणाऱ्याजाणाऱ्यांचे बूट दिसत. निम्मं शहर मास्तर बुटांवरून ओळखत. गल्ली वर जाऊन सरकारी कचेरीच्या चौकात निघे आणि खाली उतरली की थेट बंदराच्या धक्क्यावर. दुपारपर्यंत धुकं हटायचं नाही, भिंतींचा रंग ओल्या पोपड्यांखाली कधीच दडून गेलेला, आणि ट्राम चढ चढू लागली की खुंटीवरच्या कात्र्या किणकिणायच्या. पहिल्या वर्षी त्या आवाजानं मास्तर दचकून उठत. आता ट्राम चुकली तर दचकत.

बटणवाला वर्षातून दोनदा नमुन्यांची पेटी घेऊन यायचा. तोच मास्तरांच्या देशाचा निरोप्या. त्यानं पेटी उघडली, शिंपल्याची बटणं टेबलावर मांडली आणि हळूच म्हणाला, "उद्या साडेदहाची बोट. तुमचं काम संपलं, मास्तर. ताईंनी विचारलंय, भाऊ कधी येतोय म्हणून."

"कशी आहे ताई?"

"दिसत नाही आता त्यांना. पण आवाजावरून ओळखेन म्हणतात."

आई गेल्याचं मास्तरांना आठ महिन्यांनी कळलं होतं. निदान ही थोरली बहीण तरी भेटेल, या विचारानं ते स्टुलावर टेकले. मग विचारलं, "आणि कारकून?"

"त्याचं राहू द्या."

"राहू द्या म्हणजे काय?"

"उद्या दहाला कचेरीत पाऊल टाकलं की त्याला धरतील. वरच्या मजल्यावर आपला मोठा माणूस बसतो, त्याच्यावर संशय यायला लागलाय. कारकून सापडला की तपास मिटला. मोठा माणूस वाचला."

"पण इथल्या पोलिसांना कारकुनाचं नाव कुणी सांगितलं?"

बटणवाल्यानं एक बटण उगाच रुमालानं पुसलं. "आपणच," तो म्हणाला.

घ्या! अकरा वर्षं राबवून घ्यायचं आणि शेवटी आपल्याच हातानं सोपवायचं. मास्तरांना संताप आला, पण तोही थकलेला. आला आणि भिंतीला टेकून बसला. ओरडून काय उपयोग होता? समोरचा माणूस नुसता निरोप्या, आणि तो उद्या सकाळपर्यंत इथून हलणार नव्हता. तसं त्यानं सांगूनच टाकलं.

कारकून म्हणजे कचेरीत कागदांच्या नकला उतरवणारा साधा नक्कलनवीस. त्याचा करडा कोट खुंटीवरच लटकत होता. अकरा वर्षांत त्या कोटाची जितकी बटणं तुटली तितकी एखाद्या पलटणीचीही तुटली नसतील. बटण तुटलं की कोट दुकानात यायचा, आणि कॉलरच्या अस्तरात कागद असायचा. आज सकाळीही तसाच आला होता. पण दोघांमध्ये एक गोष्ट अशी होती, जी बटणवाल्यालाच काय, त्याच्या साहेबांनाही ठाऊक नव्हती. परत आलेल्या कोटाचं तिसरं बटण कारकून आधी बघायचा. चार भोकांतून दोरा दोन सरळ रेघांत गेला असेल तर सगळं ठीक. फुली असेल तर कचेरीकडे फिरकायचं नाही. बायकोला घेऊन सरहद्द गाठायची. अकरा वर्षांत फुली कधी पडली नव्हती.

फुली ही मास्तरांच्या आईची रीत. त्यांच्या गावात सगळे तशीच बटणं लावायचे. इथे मात्र सरळ रेघा. इकडे पाठवण्याआधी सहा महिने त्यांच्याकडून तेवढंच घोटून घेतलं होतं, कारण या शहरात फुली घालणारा शिंपी म्हणजे बाहेरचा. ती धास्ती इतकी मुरली होती, की दुकानात काजंबटणं करायला येणाऱ्या बाईलाही पहिल्या दिवशी त्यांनी दम भरला होता, "फुली दिसली तर सगळं उसवायला लावेन!"

ती बाई म्हणजे कारकुनाची बायको. मास्तर तिला वहिनी म्हणत, कारकुनाला भाऊसाहेब. तीन वर्षं ती इथे काम करत होती आणि तिला या भानगडीचा गंधही नव्हता. तिला एकच सल होता. नवरा बटण लावायला तिच्याकडे कधी देत नसे. "अहो, मी काय परकी आहे? इथे रोज शंभर बटणं लावते," ती म्हणायची. कारकून नुसता हसायचा.

मास्तरांनी कोट मांडीवर घेतला. बटणवाला समोर बसून जांभया देत होता. त्याचा जन्म बटणं विकण्यात गेला, पण लावलं नव्हतं एकही. मास्तरांनी त्याच्या डोळ्यांदेखत तिसरं बटण काढलं आणि दोऱ्याची फुली घातली. एकोणीस वर्षांनी हात घरच्या वाटेला लागला होता.

संध्याकाळी वहिनी निघाली. कारकुनाला पडसं झालं होतं, म्हणून कोट तीच नेणार होती. बटणवाला तिच्याकडेच बघत बसलेला. मास्तर एवढंच बोलू शकले, "भाऊसाहेबांना म्हणावं, बटणं एकदा नीट बघून घ्या."

"बघतील की," वहिनी म्हणाली आणि पायऱ्या चढून गेली.

त्या रात्री बटणवाला दुकानातच आडवा झाला. मास्तरांना मात्र कित्येक महिन्यांनी शांत झोप लागली. कारकून एव्हाना निघाला असेल, असं मनाशी म्हणत ते सकाळी उठले. बटणवाला पुढे धक्क्यावर गेला. त्यांनी दाढी केली, इतकी वर्षं लपवलेली आईची अंगठी कोटाच्या अस्तरातून काढून बोटात घातली, दिवा मालवला. तेवढ्यात खिडकीतून ओळखीचे बूट उतरताना दिसले.

"लग्नाचा कोट आज द्यायचाय ना, म्हणून लवकर आले," वहिनी म्हणाली. मग जवळ येऊन, हसू दाबत, "मास्तर, रागावणार नसाल तर एक सांगू? काल तुमचा हात चुकला."

"म्हणजे?"

"तुम्ही बटणं बघा म्हणालात, म्हणून मीच आधी बघितली. तिसऱ्याला चक्क फुली! म्हटलं, ह्यांनी बघितलं तर मास्तरांची शोभा व्हायची. उसवून सरळ लावून टाकलं. ह्यांनी नेमकं तेच बटण बघितलं हो! म्हणाले, छान आहे. म्हणजे माझा हात ओळखूच आला नाही त्यांना!"

तिच्या चेहऱ्यावर केवढा आनंद होता. मास्तरांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. "ते आहेत कुठे?"

"मागच्या ट्रामनं येताहेत. पावणेदहाला चौकात पोचतील."

साडेनऊ झाले होते. खाली उतरलं तर बोट, बहीण, घर. मास्तरांनी सुई ओवली, आपल्या कोटाच्या कॉलरला खोचली आणि म्हणाले, "वहिनी, आहात तशा निघा. सरहद्दीच्या बस सुटतात तिथे, ट्रामच्या शेवटच्या थांब्यावर उभ्या राहा. ते येतील. ती फुली मी मुद्दाम घातली होती. हात तुमचा चुकला नाही, शिकवणं माझं चुकलं."

ती पांढरीफटक पडली. पण शहाणी बाई. ती तशीच पायऱ्या चढून गेली.

मास्तर चढ चढू लागले. एकसष्ट वर्षांचे गुडघे, ओले दगड, आणि धाप अशी की दर दहा पावलांना भिंत धरावी लागली. चौकात कचेरीसमोरच्या बाकावर दोन माणसं वर्तमानपत्र धरून बसली होती. धुक्यात कोण वर्तमानपत्र वाचतं?

ट्राम आली. कारकून नाक पुसत उतरला. मास्तर पुढे झाले आणि बाकापासून दहा पावलांवर, सगळ्यांसमोर त्याचा कोट धरला. "भाऊसाहेब, बटण सैल राहिलं. ट्राम इथे दोन मिनिटं थांबते ना? तेवढ्यात होईल."

कारकून गोंधळून थांबला. मास्तरांनी तिसऱ्या बटणावरून दोरा तिरका घेतला. मग दुसऱ्या बाजूनं तिरका. कारकुनाची नजर खाली गेली आणि वर आली. त्याचे डोळे भरले. "तुमचं काय?" तो पुटपुटला.

"वहिनी शेवटच्या थांब्यावर आहेत," मास्तर म्हणाले आणि दोरा दातानं तोडला. "बटण त्यांना उसवू देऊ नका."

घंटा झाली. कारकून त्याच ट्रामवर परत चढला. बाकावरची माणसं उठून धावेपर्यंत ट्रामनं उतार धरला होता. मग ती दोघं मास्तरांकडे वळली. मास्तर रिकाम्या बाकावर जाऊन बसले. खरंच, किती दिवसांनी ते असे निवांत बसले होते.

खाली बंदरात बोटीचा भोंगा झाला. ताई दाराशी बसली असेल, प्रत्येक पाऊल ऐकत. त्यांना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही.

"असं फुलीचं बटण लावायला कुठे शिकलास?" दोघांतला थोराड माणूस समोर येऊन म्हणाला.

एकोणीस वर्षांत या प्रश्नासाठी त्यांनी किती खोटी उत्तरं पाठ केली होती. त्यांतलं एकही त्यांना आता नको होतं.

"घरी," मास्तर म्हणाले. "आईनं शिकवलं."