छातीचा दाखला

गुणाजी परबांच्या छातीत काडीचाही दोष नाही, असं मी माझ्या हाताने लिहिलं आहे. अक्षर माझं, सही माझी. आणि तो माणूस नळावरून अर्धी बादली आणताना वाटेत दोनदा खाली बसतो.

ही पंच्याऐंशी सालची गोष्ट. अंधेरीच्या एका संशोधन संस्थेने कामगारांची पाहणी काढली होती. पंचेचाळीस ते साठ वयाच्या माणसांना जुनाट आजार किती, आणि त्यापायी किती जणांचं काम सुटतं, हे शोधायचं होतं. घरोघर फिरून फॉर्म भरायचं आणि छाती तपासायचं काम माझं. माझ्या वाट्याला कांजूरमार्ग आलं. दिवसाला बारा घरं झालीच पाहिजेत, असा आमच्या सरांचा हुकूम होता. सर म्हणजे डॉक्टर चंद्रप्रकाश. कांजूरमार्गला ते एकदाही आले नाहीत.

प्रश्नावली त्यांचीच. तिच्यात एक प्रश्न होता, 'आजारपणामुळे गेल्या महिन्यात कामाचे किती दिवस बुडाले?' संपात गिरणी बंद पडलेली, माणूस तीन वर्षं घरी बसलेला, त्याचं काम बुडणार कसं? मग लिहा शून्य. मी घरामागून घर शून्यं लिहीत सुटले. सरांना एकदा विचारलं, तर म्हणाले, "शून्य हाही आकडाच असतो, कुंदाताई." डोकं फिरलं होतं माझं, पण पुढचं शून्य लिहिलं. नोकरी मलाही हवी होती.

तपासणीच्या दिवशी गुणाजीकाकांची सगळी चाळ दाढ्या करून, इस्त्रीचे शर्ट घालून बसली होती. दोघातिघांनी तर केसांना कलप लावलेला. मला वाटलं, आपला मान ठेवतायत. केवढी मी शहाणी! गुणाजीकाकांनी सत्तावीस वर्षं कार्डिंग खात्यात कापसाची धूळ खाल्लेली. मी विचारलं, "दम लागतो का?" तर छाती काढून म्हणाले, "दम? कसलो दम? माका काय एक झालेला नाय." मग फुंकायचं यंत्र बाहेर गॅलरीत मांडलं. मी यादीतलं त्यांचं नाव पुकारलं, गर्दीतून एक जण पुढे आला, त्याने नळीत फुंकलं, काटा पार टोकाला गेला. मान वर करून बघायला मला वेळ नव्हता, अजून चार घरं उरली होती. 'फुप्फुसाची क्षमता सामान्य' अशी चिठ्ठी लिहिली, संस्थेचा शिक्का मारला आणि दिली.

आठ महिन्यांनी त्यांची बायको रुक्मिणीकाकू संस्थेत मला शोधत आली. तिने युनियनच्या ऑफिसातून नवऱ्याचा अपंगत्वाच्या भरपाईचा अर्ज केला होता. मेडिकल बोर्डाने तो फेटाळला. कारण काय, तर अर्जदाराने स्वतःच छाती चांगली असल्याचा कागद जोडला आहे.

"काकू, ही चिठ्ठी कशाला जोडलीत?"

"तिच्यार शिक्को होतो, म्हणान लावलंय."

बरोबरच आहे. जन्मभर या बाईने बिनशिक्क्याच्या कागदापायी खेटे घातलेले. शिक्क्याचा कागद ती घरी ठेवील होय?

"पण काकांनी एवढं जोरात फुंकलं कसं?"

तिने मान खाली घातली. "तेंनी खय? लवून फुकल्यान."

लवू म्हणजे काकांचा धाकटा भाऊ, साकीनाक्याला वर्कशॉपात काम करणारा, तिशीतला गडी. मग सगळं बाहेर आलं. गिरणी परत चालू होणार आणि ही भरतीची तपासणी आहे, असं चाळीत पसरलं होतं. गिरणीच्या गेटवर डॉक्टर असाच तपासायचा, जरा कोणी खोकला की त्या दिवशीचं बदलीचं, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागचं काम गेलं. म्हणून ज्याची छाती गेलेली, त्याने घरातला धडधाकट माणूस पुढे केला होता.

आधी मला त्यांचाच राग आला, खोटं कशाला सांगायचं? मग स्वतःची लाज वाटली. 'सदर पाहणी केवळ शास्त्रीय अभ्यासासाठी आहे' हे वाक्य मी प्रत्येक दारात पोपटासारखं वाचलं होतं. 'काका, ही नोकरी नाही' एवढं साधं एकाही दारात बोलले नव्हते.

मी तडक सरांकडे गेले. अपिलाला पंधरा दिवस होते. ही चिठ्ठी चुकीची आहे, एवढं संस्थेने लिहून दिलं असतं तर काम झालं असतं.

"एक चिठ्ठी खोटी म्हटली तर अकराशे फॉर्मांवर कोण विश्वास ठेवील?" सर म्हणाले. "अहवाल छपाईला गेलाय." अहवालात काय, तर गिरणी कामगार उतारवयातही काम करायला सक्षम! मी हलत नाही असं बघून ते वैतागले. "आणा त्यांना. त्यांनी माझ्यासमोर सांगितलं दम लागतो, तर फेरतपासणी करून देतो लिहून."

संस्थेची लिफ्ट बंद होती. तीन जिने चढायला गुणाजीकाकांना पाऊण तास लागला. सरांच्या खोलीत आले तेव्हा ओठ निळे पडलेले, तोंडातून शब्द फुटत नव्हता, नुसती शीळ. रुक्मिणीकाकू त्यांची पाठ चोळत होती. सरांनी कोरा फॉर्म पुढे ओढला, पेन उघडलं आणि फॉर्मकडेच बघत विचारलं, "दम लागतो?"

काकांनी उजव्या हाताने शर्टाचं वरचं बटण लावलं, ताठ बसले आणि मान हलवली. नाही.

"ऐकलंत?" सर मला म्हणाले.

"त्यांना विचारता काय? बघा ना त्यांच्याकडे! डोळे आहेत ना तुम्हाला?" मी ओरडलेच. बाहेरची टायपिस्ट दारात येऊन उभी राहिली. सर म्हणाले, "उत्तर आहे तसंच लिहावं लागतं." रुक्मिणीकाकूने कपाळावर हात मारून घेतला.

मी काकांसमोर खाली बसले. "काका, खरं सांगा ना हो."

त्यांनी माझ्या कानाशी वाकून, एकेक शब्द ओढत विचारलं, "खरां सांगलंय... तर माका... कामार घेतीत?"

खोलीत डॉक्टर होता, यंत्र होतं, अकराशे फॉर्म होते. पण हे सांगायचं माझ्यावर आलं.

"नाही, काका. तुम्हाला आता कुणीच कामावर घेणार नाही. ही भरती नव्हतीच कधी. गिरणी परत चालू होणार नाही."

 त्यांनी बायकोकडे बघितलं. तिने पदर तोंडाला लावला होता. लावलेलं बटण त्यांनी परत काढलं, आणि त्यांची सगळी छाती, इतका वेळ आवळून धरलेली, वरखाली व्हायला लागली.

"मगे लिव, बाय," ते म्हणाले. "लागता दम."