बाबांची शेवटची भिंत
तिसऱ्या दिवशी सकाळी पाऊस थांबला आणि दोसिंदाच्या जिवाला उलट जास्तच घोर लागला. सिल नदीवरच्या त्या उभ्या उतारावर द्राक्षमळ्याचे टप्पे तोलून धरणाऱ्या सगळ्या दगडी भिंती पाझरत होत्या. तशा त्या पाझरायलाच हव्यात. नुसता दगडावर दगड, मध्ये फटी. एकच भिंत ठणठणीत कोरडी होती, बाबांची.

वसंतात ती ढासळली तेव्हा एलादिओबाबांनी हट्टानं एकट्यानं रचायला घेतली. हात थरथरायचे, दगड बसेना. शेवटी दुपारी ते झोपले की दोसिंदा भिंतीच्या मागून गुपचूप सिमेंट भरायची. म्हाताऱ्याला वाटलं, हात अजून चालतात! तेव्हापासून गावच्या गुत्त्यात त्यांचं एकच पालुपद, "माझी शेवटची भिंत बघून या." ते ऐकून पोरगी सुखावायची. अक्कल कुठं गहाण ठेवली होती कोण जाणे.

आता भिंतीला पोट आलं होतं. पाणी आत अडून बसलं होतं आणि तिच्याच पायथ्याशी, घरच्या वाइनची मेन्सिया जातीची काळी द्राक्षं तोडायला सगळं घर निघालं होतं.

"बाबा, आज वरची तोडू या."

"का गं? वरची आंबट आहेत अजून."

"खाली पाय घसरतोय."

"चाळीस वर्षं घसरतोय," हेर्मिनियाआत्या टोपली खांद्यावर घेत म्हणाली. "हिला आज कळलं होय!"

सगळे हसले. आत्या खाली उतरू लागली.

"आत्या, थांब! भिंतीत सिमेंट आहे. मी भरलंय."

आत्या टोपली घेऊन तशीच वर आली. म्हाताऱ्यानं भिंतीकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे, आणि ते खिशात घातले. दोसिंदाला वाटलं, यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"पहार आण," एवढंच ते म्हणाले.

कडेला उभं राहून तिनंच भिंत फोडली. लोंढा सुटला. पणजोबांनी लावलेल्या चार वेली घडांसकट दरीत गेल्या. आत्या जिथं टोपली ठेवणार होती तिथं कमरेएवढा चिखल साचला.

दुपारी दोसिंदा तीच भिंत सिमेंटशिवाय पुन्हा रचत होती आणि बाबा दगडावर बसून सांगत होते, हात खिशातच. "तो नव्हे. शेजारचा. तोंड आत कर." एक दगड काही केल्या डुगडुगायचा थांबेना. तिनं मागं वळून पाहिलं.

बाबा उठले. खिशातून हात काढून त्यांनी डुगडुगत्या दगडाखाली सारायला एक चपटी कपची उचलली. ती हातात नुसती थरथरत होती.

"फट कुठं आहे ती दाखव," ते म्हणाले, "आणि माझं मनगट धर."