वन्संचा कप आणि सकाळचा वारा

माझ्या थोरल्या नणंदेने, वन्संनी, परक्या क्लबातून गोल्फचा कप जिंकून आणला आणि कपाटात कपड्यांमागे ढकलून दिला. दुसरी आलेली दातांची डॉक्टरीण चहाच्या टेबलावर सगळ्यांदेखत म्हणाली होती, "इतकं छान खेळता आणि हॅंडिकॅप एवढा? घरी मुद्दाम वाईट खेळता वाटतं!"

हॅंडिकॅप म्हणजे कच्च्या खेळाडूला मिळणारी फटक्यांची सूट. घरच्या मैदानावर फटके जास्त लागले की ती वाढते. मात्र ते मैदान अवघड ठरलेलं असेल, तर तेवढी वाढत नाही. आमचं मैदान कागदावर सोपं होतं.

वन्संनी तो शब्द मनाला लावून घेतला. मग एका सकाळी दरीच्या कडेला वाऱ्याने त्यांचा चेंडू उचलून झुडपात टाकला, तशा त्या जागच्या जागी थांबल्या.

"वहिनी, मैदान किती अवघड ते जोखायला माणसं आली होती, ती कुठल्या वेळेला फिरली?"

"जेवणं झाल्यावर. मीच तर वाढलं होतं."

"आणि वारा कधी पडतो?"

वारा जेवायच्या वेळेलाच पडायचा. दुपार पुरुषांची, आम्हा बायकांच्या वाट्याला सकाळ. वर्षानुवर्षं आम्ही वाऱ्याशी झुंजत होतो आणि कागदावर वारा नव्हताच.

क्लबाचे सेक्रेटरी वन्संचे मावसभाऊ. ते म्हणाले, "ताई, कशाला उकरून काढतेस? मैदान अवघड ठरलं तर तुमचीच सूट घटेल. आपल्याच पायावर धोंडा!"

"पाय माझाच आहे ना? तू माणसं बोलाव."

माणसं आली, ती थेट जेवणघराकडे वळली. वन्सं दारात उभ्या. "आधी वारा, मग जेवण." एकाची टोपी दरीत गेली. दुसरा डोळ्यांतली धूळ पुसत म्हणाला, "बाई, तुम्ही इथे रोज खेळता?"

मैदान अवघड ठरलं. पुढे तेवढेच फटके मारूनही आम्हा सगळ्यांची सूट घटत गेली. मैत्रिणी फुरंगटल्या. एक तर मला म्हणाली, "तुमच्या वन्संना सांगा, हरिश्चंद्राचा जमाना गेला." मी सांगितलं नाही. माझी काय बिशाद!

पुढच्या वर्षी त्याच स्पर्धेला वन्सं कप घासूनपुसून घेऊन गेल्या आणि खेळ सुरू व्हायच्या आधीच त्यांनी तो डॉक्टरणीपुढे ठेवला.

"मी खोटं खेळले नव्हते. पण आमचं मैदान चुकीचं जोखलं होतं. माझी सूट जास्तच होती. हा तुमचा."

डॉक्टरीण लाल झाली. "अहो, मी आपलं थट्टेत बोलले. राहू द्या तुमच्याकडेच."

"थट्टेतला नकोय मला. खेळून नेईन."

त्या वर्षी वन्सं तिसऱ्या आल्या. परतताना गाडीत मी त्यांची समजूत घालायला तोंड उघडलं, तर त्याच म्हणाल्या, "वहिनी, उद्या वारा सुटायच्या आत मैदानावर पोचायचं नाही. सुटल्यावरच जायचं."